सैल दावं

माझे घरमालक कोणालाही भेटले की आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवत. पुरुषांच्याच, अर्थात. पोस्टमन असो, जावई असो, तळवा मानेखाली ठेवायचा आणि मणक्यावरून कमरेपर्यंत आणायचा. मग निकाल. "भरले तुमी." किंवा, "उतरले गा, काहून?" बकऱ्याच्या अंगावर मांस किती ते पाठीच्या कण्यावर कळतं, पोटावर नाही, हे त्यांचं शास्त्र. मीठ चारून वर पाणी पाजलं की कोणाचंही पोट फुगतं, असं ते म्हणत. बाजारात विकण्याआधी तसं करणारे पुष्कळ होते. यांनी जन्मात केलं नाही. एकदा शाळेचा निरोप सांगायला आलेल्या आमच्या हेडमास्तरांच्या पाठीवरून त्यांनी असाच हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, तुमचं समदं पोटावर हाये, पाठीवर काईच नाई." पुढचे पंधरा दिवस शाळेत हसू दाबताना माझी पुरेवाट झाली.

मी तेव्हा नागपूरला, महाल भागातल्या एका शाळेत मास्तरीण होते आणि उमरेड रोडला, जिथे शहर संपल्यासारखं होई तिथे, यांच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. साठ-पासष्ट सालानंतरची ही गोष्ट. घराणं विणकरांचं. बापजाद्यांनी नागपुरी लुगडी विणली, यांनीही तरुणपणी विणली. मग हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक उरेना, आणि एके दिवशी यांनी माग थांबवला. मोडला मात्र नाही. पुढच्या पडवीत तो तसाच उभा होता. विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्यात आता बाभळीच्या शेंगा साठवलेल्या असत, मागाच्या खांबांना बकऱ्या बांधलेल्या असत, आणि काठापदराचं उरलेलं रंगीत सूत वळून केलेली दावी त्या बकऱ्यांच्या गळ्यात. लाल, हिरवं, जांभळं. प्रत्येक बकऱ्याचा रंग वेगळा. गल्लीतले लोक हसत. "कोष्ट्याचे बकरे, लुगडं नेसून हिंडते," असं म्हणत.

जनावर विकलं तरी त्याचं दावं द्यायचं नाही, दाव्याबरोबर घरची बरकत जाते, ही रीत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती गाईबैलांची. खाटकाकडे जाणाऱ्या बकऱ्याचं दावं कोण मागे ठेवतो? हे ठेवत. मागाच्या आडव्या लाकडावर ओळीने टांगत. मी राहायला गेले तेव्हा तिथे पन्नासेक असतील. मला वाटलं हौसेने वळून ठेवली आहेत. मी कौतुक केलं तर त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "वं बाई, ते गेलेल्यायचे हायेत."

बकरा विकायला चाललो, असं ते कधी म्हणत नसत. "पोचवाले चाललो," म्हणत. महिन्यातून एकदा-दोनदा तो दिवस येई. उजाडता उजाडता ते बोरीची हिरवी डहाळी तोडून आणत, बकऱ्याचं दावं सोडत आणि चालू लागत. डहाळी पुढे, बकरा मागे, मधलं दावं सैल. खाटकाचं दुकान अर्ध्या कोसावर होतं. सारा रस्ता दावं एकदाही ताणलं जायचं नाही. इतरांची बकरी ओरडत, पाय रोवत, फरफटत जात. यांचा बकरा डहाळी खात जाई. दुकानाशी बकरा सोपवून, हिशेब करून ते निघून येत नसत. शेवटपर्यंत त्याच्याजवळ थांबत, कपाळावर हात ठेवून. मग गळ्यातलं दावं काढून घेत, घरी येऊन ते मागावर टांगत, अंघोळ करत आणि त्यानंतरच चहा. "बयाड हाये हा माणूस, पुरा येडा," बायको म्हणायची, पण तीही तोवर चहा घेत नसे.

आणि त्या दिवशी घरी त्याच बकऱ्याचं मटण शिजायचं. ते खायचे. मला ते बघवत नसे. मी मटण खाणारीच होते, पण ओळखीचं नको. त्या सकाळी मी माझ्या खोलीची खिडकी लावून घ्यायची. एकदा धीर करून विचारलं, तुम्हाला घास उतरतो कसा? ते म्हणाले, "ज्यानं पाळलं त्यानंच खाल्लं नाई, तं ते कायले मेलं, बाई?"

मी शेतकऱ्याची मुलगी. गाईबैलांत वाढलेली. त्यांचं गाईवाल्यांवरचं बोलणं मला झोंबे. "गाईशी माणूस दोनदा खोटं बोलते," ते म्हणायचे. "माय म्हणते तवा एकदा, अन् आटली म्हणून दावं सोडते तवा दुसऱ्यांदा. गायवाल्याले गाय कुठं गेली म्हणून कधी इचारू नोका. त्याले कामं आठवते. मी बकरा पाळतो तो कापासाठी. पयल्या दिवशी मले ठाऊक हाये, शेवटच्या दिवशीबी ठाऊक हाये."

"बकऱ्याला ठाऊक आहे का?" मी एकदा चिडून म्हटलं. "तो तुमच्या डहाळीमागे जातो, कारण तुम्ही रोज तीच डहाळी चारता. त्याला वाटतं, आजही चरायलाच चाललोय. हे खोटं नाही का?"

ते बकऱ्यांना पाला टाकायला उठून गेले. मला वाटलं, मी जिंकले. चार दिवसांनी मी विहिरीवर कपडे धूत होते तेव्हा येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर हाये. तेवढं एक खोटं हाये माह्यात. म्हणूनच मी शेवटपर्यंत थांबतो." आणि निघून गेले. हरण्याची ही तऱ्हा मी त्याआधी पाहिली नव्हती. चार दिवस माणूस एका प्रश्नाशी बसून राहिला होता.

मग मोगरी आली.

मोगरी आमची गाय. पांढरीशुभ्र, गवळाऊ जातीची. तिच्या दुधावर मी शिकले. हे बाबा बोलून दाखवत आणि ते खरंही होतं. बाबा थकले, वावर बटईने, अर्ध्या वाट्याने कसायला दिलं, बैल गेले. घरात भाऊ-भावजयीचं राज्य आलं. मोगरी आटली होती आणि मागच्या एका पायाने लंगडत होती. भावाने तिला "काढायचं" मनावर घेतलं तेव्हा बाबांनी शेजाऱ्याची बैलगाडी मागून घेतली, मागे मोगरी बांधली आणि दिवसभराची वाट हळूहळू तुडवत संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले. मला म्हणाले, "पोरी, हिनं तुले उभं केलं. इचं शेवटपर्यंत पाह्यजो. इकू नोको." एवढंच. मी हो म्हटलं. पाया पडून हो म्हटलं.

त्या संध्याकाळी पडवीत दोघा म्हाताऱ्यांची जुंपली. बाबा म्हणाले, "बकरी वावराले काय देते? शेण नाई, बैल नाई." घरमालक म्हणाले, "लेंड्या देते." बाबा हसले नाहीत. "गोऱ्हा देते म्हणून गाय. बैल नसला तं वावर कोण वाहीन?" त्यावर घरमालक म्हणाले, "वावर तुमचं हाये, बुवा. माह्यापाशी हा माग अन् हा खड्डा. ज्याले वावर त्याची गाय, ज्याले नाई त्याची बकरी. गाय उपाशी राह्यली तं घर उपाशी राह्यते. बकरी काट्यावर जगते, दोन-दोन पिलं देते, अन् अडचणीले पोचवता येते. तुमची गाय कोणाले पोचवता येते, सांगा." मग घरमालकांनी बाबांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्या दिवशी निकाल दिला नाही.

मोगरीला त्यांनी जागा दिली. मागाच्या कोपऱ्यातला खांब. म्हणाले, "वैरण माही. पण पाणी तुमच्या हातचं. रोज. तुमी हो म्हटलं हाये, मी नाई."

दीड वर्ष मी पाणी पाजलं. पहाटे उठून विहिरीवरून बादली, संध्याकाळी शाळेतून आल्यावर बादली. तिच्या गळ्यात बाबांनी स्वतः वळलेलं अंबाडीचं जाड दावं होतं. रंगीत सुताच्या दाव्यांमध्ये ते पाहुण्यासारखं दिसे. पहिले महिने मी तिच्याशी बोलायची. मग बोलणं थांबलं, पाणी राहिलं. मग पाणी देतानाही मी घड्याळाकडे बघू लागले. तिचा पाय चिघळला. एकदा बसली ती उठेना, चौघांनी उचलून उभी केली. वार्षिक परीक्षा, पेपरांचे गठ्ठे, आणि ती. माझ्या मनात काय येई ते मी कोणाला सांगितलं नाही.

अशात घरमालकांचे भाऊ उमरेडला आजारी पडले आणि नवराबायको आठ दिवसांसाठी तिकडे गेली. बकऱ्या एका शेजाऱ्यावर सोपवल्या. मोगरी माझ्यावर. पाचव्या दिवशी एक काठीवाला माणूस दहा-बारा जनावरं हाकत रस्त्याने चालला होता. दारात थांबला, मोगरीकडे बघितलं आणि म्हणाला, "कामठीच्या पल्याड नदीच्या काठाले लय गवत हाये, बाई. मोकळी चरन. देऊन टाका, पुण्य लागन."

तो कोण होता हे न कळण्याइतकी मी अजाण नव्हते. उन्हाळ्यात नदीकाठी कसलं गवत? पण मी विचारलं नाही. त्याने पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत. घेतले नाहीत म्हणजे विकली नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. घाईघाईने खांबाची गाठ सोडली आणि दाव्यासकट ती त्याच्या हातात दिली. मोगरी जाईना. त्याने दावं ताणलं. मी आत गेले आणि खिडकी लावून घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरमालक परतले. पिशवी खाली ठेवली, बकऱ्यांच्या पाठी तपासल्या, मग कोपऱ्यातल्या खांबाशी गेले. गाय कुठे आहे असं त्यांनी विचारलं नाही. आडव्या लाकडावरची दावी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि माझ्याकडे वळले.

"दावं कुठं हाये?"

मी म्हणाले, "कामठीकडे... नदीकाठी गवत आहे म्हणाला."

"मी दावं इचारलं, बाई."

त्यांनी पायातल्या चपला काढल्या नव्हत्या. कडब्याची एक पेंढी सायकलला बांधली, बादली अडकवली आणि गेले. बायको दारात उभी राहून ओरडली, "अवो, जेवून तं जा!" त्यांनी मागे पाहिलं नाही. ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता बोलेल. ती फक्त म्हणाली, "तुमी तरी जेवल्या काय?" त्या शब्दांनी मला रडू फुटलं.

दोन दिवसांनी ते आले. पेंढी नव्हती. सायकलच्या दांड्याला अंबाडीचं दावं गुंडाळलेलं होतं. ते त्यांनी मागावर टांगलं, अंघोळ केली, चहा घेतला. मग मला बोलावलं.

"कामठीच्या अलीकडंच होती. रस्त्याच्या कडेले बसलेली. पाय टाकत नव्हती म्हणून तो सोडून पुढं गेला. मी पोचलो तवा ध्यान होतं तिले. पाणी पेली." थोडं थांबून म्हणाले, "माह्या हातचं पेली. तुमच्या हातचं पायजे होतं. आज सकाळी गेली."

मी रडत होते. त्यांनी रडू दिलं, समजूत घातली नाही. उठताना म्हणाले, "बाबाले सांगजा."

मी तीन वेळा पत्र लिहिलं आणि तिन्ही फाडली. "गेली" लिहिलं की खोटं वाटे, "दिली" लिहिलं की त्याहून खोटं. तिसरा, खरा शब्द लिहायला हात उचलेना. दिवाळीच्या सुमारास बाबा स्वतःच शेजाऱ्याच्या बैलगाडीने आले, मोगरीला बघायला. दारातूनच त्यांची नजर कोपऱ्यातल्या खांबाकडे गेली. मी चौकटीत उभी. बाबा माझ्याकडे न बघता घरमालकांना म्हणाले, "गेली का?"

जन्मभर गाईवाल्यांचं खोटं चव्हाट्यावर मांडणारा हा माणूस.

"गेली, बुवा," ते म्हणाले. "शेवटी पाणी पेली. मी होतो तिच्यापाशी." आणि त्यांनी आडव्या लाकडावरून अंबाडीचं दावं काढलं आणि दोन्ही हातांनी बाबांना दिलं.

बाबांनी दावं डोळ्यांना लावलं. मग हात जोडून माझ्या घरमालकांपुढे वाकले, आणि वळून माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तू शब्द पाळला, पोरी." मी तशीच उभी राहिले. जमीन दुभंगावी असं लोक म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. जमीन दुभंगत नाही.

जाताना घरमालकांनी बाबांच्या पाठीवरून हात फिरवला. गाडी दूर गेल्यावर मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर मागे सरले. "माहं बोलणं झालं. खोटं काई बोललो नाई. तुमचं बोलायचं राह्यलं हाये." मग आवाज उतरवून म्हणाले, "अन् बुवाच्या पाठीवर काईच राह्यलं नाई, बाई. लवकर सांगजा."

मी उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगेन असं ठरवलं. बाबा होळीआधी गेले. गोठा रिकामा होता आणि त्याच्या खुंटीवर ते दावं. भाऊ ते शेजाऱ्याला देत होता. मी मागून घेतलं.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली. दावं ट्रंकेच्या तळाशी राहिलं. पंधरा-सोळा वर्षांनी एकदा नागपुरात मुक्काम होता. उमरेड रोड ओळखू येईना, दुतर्फा प्लॉट पडलेले. सकाळी सकाळी मी त्यांच्या दारात पोचले. बायको दोन वर्षांपूर्वी वारल्याचं तेव्हा कळलं. ते वाकले होते, नजर कमी झाली होती, बकऱ्या चारच उरल्या होत्या. आवाजावरून मला ओळखलं. "मास्तरीणबाई!" पडवीत मागावर दाव्यांची दुसरी ओळ झाली होती. मी पर्समधून अंबाडीचं दावं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोटांनी चाचपलं.

"बाबांना सांगितलं नाही मी," मी म्हणाले. "राहून गेलं."

त्यांनी दावं बाजूला ठेवलं. मग उठले. कोपऱ्यातल्या खांबाला एक काळा बकरा बांधलेला होता, गळ्यात पिवळं दावं, समोर बोरीची डहाळी पडलेली. मी नेमकी पोचवायच्या सकाळी आले होते. त्यांनी डहाळी उचलून माझ्या हातात दिली, आणि पिवळ्या दाव्याचं टोकही.

"मले आता दिसत नाई नीट. चलता?"

अर्ध्या कोसाची ती वाट मी चालले. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून, एक अक्षर न बोलता. बकरा पानं ओरबाडत मागून येत होता. दावं ताणलं जाऊ नये म्हणून किती हळू चालावं लागतं, ते मला तेव्हा कळलं. दोनदा वाटलं, यांच्या हातात दावं द्यावं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहावं. दिलं नाही. दुकानात मी बकऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गरम होतं. मी डोळे मिटले नाहीत.

परतताना ते बोलले. वाटेत कोणाचं घर होतं, कुठे विहीर होती, ती बुजवली, असलंच काही. घरी आल्यावर पिवळं दावं मी ओळीच्या शेवटी टांगलं. त्याच्याशेजारी अंबाडीचं टांगू लागले तर म्हणाले, "ते नाई. ते तुमच्या घरी टांगजा. लोकायले दिसन असं." मग चहा झाला.

ते गेल्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, दारातून आत आलं की समोर, ते दावं टांगलेलं आहे. येणारा-जाणारा विचारतो, हे काय? आमच्या गाईचं, मी सांगते. माणसं कौतुकाने मान हलवतात, गाय कुठे गेली असं कोणीही विचारत नाही. मी त्यांना बसवते, पाणी देते, आणि मोगरी कुठे गेली ते सांगते.